मानमोडीच्या सालची वर्षअखेर : दुकानदाराच्या वहीचा पुरावा

१

सांथीच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आरोग्यखात्याचे अहवाल, खानेसुमारीचे आंकडे व वर्तमानपत्रांतील मजकूर हीं तीन आपणांसमोर तत्काळ उभीं राहतात. यांचें महत्त्व नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्याकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं असें एक चौथें साधन गांवोगांवच्या पेठांतून, माळ्यांवर व फडताळांत, धूळ खात पडलें आहे. तें साधन म्हणजे लहान गांवच्या दुकानदाराची वही. वर्षाच्या अखेरीस दुकानदार सर्व खात्यांच्या बाक्या काढतो, आणि कोणतें येणें नव्या वहींत ओढावयाचें व कोणतें बुडालें असें मानावयाचें हें ठरवितो. बऱ्या वर्षीं हें काम केवळ बेरीज-वजाबाकीचें असतें. सांथीच्या वर्षीं मात्र तेंच काम करतांना त्यास साऱ्या गांवाचीं घरें एकामागून एक मनांत फिरून पाहावीं लागतात. कोण आहे, कोण नाहीं, आणि जो नाहीं त्याच्या मागें कोण आहे, याचा झाडा घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखांत इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे आपल्याकडील लोक ज्या सांथीस मानमोडी म्हणत तिच्या, वर्षअखेरीचा मुख्यतः विचार केला आहे. व तुलनेसाठीं मागील इ. स. १८९६-९७ चा प्लेग आणि अलीकडील इ. स. २०२० ची कोरोनाची सांथ हीं दोन वर्षें घेतलीं आहेत. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सरकारी दप्तर मृतांची संख्या सांगतें. परंतु माणसें गेल्यावर मागें राहिलेल्यांमधील देण्याघेण्याचें काय झालें, कोणता विश्वास तुटला व कोणता टिकला, हें दुकानदाराची वहीच सांगूं शकते. म्हणून या वह्या इतिहासाचें साधन म्हणून जपल्या पाहिजेत.

२

प्रथम कालगणनेचा विचार करणें अवश्य आहे. कारण ‘वर्षअखेर’ हा शब्द वाटतो तितका एकार्थी नाहीं. पंचांगाचें शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलतें. शेतसाऱ्याचें फसली साल दक्षिणेंत मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभीं, सुरू होत असे. सरकारी जमाखर्चाचें वर्ष इ. स. १८६७ पासून १ एप्रिल रोजीं सुरू होऊं लागलें. आणि गुजराथी, पुष्कळसे मारवाडी व त्यांच्या सहवासानें अनेक मराठी व्यापारी यांच्या वहीचें वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, दिवाळींतील पाडव्यास, सुरू होई. येणेंप्रमाणें इ. स. १९१८ चा ऑक्टोबर महिना हा शके १८४० कालयुक्त नाम संवत्सराचा मध्य, फसली १३२८ चा पूर्वभाग, परंतु कार्तिकादि संवत् १९७४ ची अखेर होय.

हा तपशील कोरडा वाटला तरी त्यांत विषयाचें मर्म आहे. त्या वर्षीं अमावास्या ऑक्टोबरच्या आरंभीं पडून नवरात्र बसलें, आणि दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत आली. मानमोडीचा कहर मुंबई इलाख्यांत नेमक्या याच अवधींत झाला. म्हणजे घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचा जो आश्विन महिना व्यापारी वसुलीचा, मालाच्या मोजदादीचा व खातीं मिळविण्याचा म्हणून राखून ठेवतो, तोच महिना सांथीनें घेतला. हिशेब मिटविण्याची वेळ व माणसें मरण्याची वेळ एक झाली. एवढा एक योगायोग ध्यानांत घेतला म्हणजे त्या सालच्या वहीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

३

त्या वर्षाची स्थिति संक्षेपानें सांगतों. सांथीची पहिली, सौम्य लाट जून १९१८ मध्यें मुंबईस आली. १० जून रोजीं काहीं पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाल्याची नोंद आहे. ही लाट पावसाळ्यांत ओसरली. दुसरी लाट सप्टेंबरांत उठली व ती भयंकर ठरली. एकट्या मुंबई शहरांत ६ ऑक्टोबर या एका दिवशीं ७६८ मृत्यु नोंदले गेले. तेथून ती आगगाडीच्या मार्गानें व बाजारच्या वाटेनें देशावर पसरली. साऱ्या हिंदुस्थानांतील मृतांचा सरकारी प्रथम अंदाज सुमारें साठ लाखांचा होता; पुढील संशोधकांनीं तो एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत नेला आहे. अंदाजांत एवढें अंतर पडण्याचें एक कारण उघड आहे. गांवचीं मृत्युपत्रकें ज्या गांवकामगारांनीं भरावयाचीं, ते स्वतःच आजारी पडले. आणि जीं भरलीं त्यांतही मरणाचें कारण पुष्कळदां नुसतें ‘ताप’ असें लिहिलेलें असे. इ. स. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. आजच्या भारताच्या सीमांपुरतें पाहिलें तर ती २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर आली. अशी घट त्यानंतरच्या कोणत्याही दशकांत झालेली नाहीं.

या सांथीचा विशेष असा कीं, ती म्हाताऱ्यांपेक्षां वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयाच्या माणसांवर, आणि त्यांतही स्त्रियांवर, अधिक तुटून पडली. त्याच सालीं पाऊस फसला होता. खरिपाचें पीक हातचें गेलें, आणि जें उभें होतें तें कापावयास व रब्बीची पेरणी करावयास घरांत धड माणूस उरला नाहीं. महायुद्धामुळें धान्य, कापड व राकेल यांचे भाव आधींच चढलेले होते. सप्टेंबरांत मद्रास शहरीं लोकांनीं धान्याचीं दुकानें लुटलीं, यावरून लोकांचा रोष कोणाकडे वळत होता हें दिसतें. रुप्याच्या तुटवड्यामुळें नोव्हेंबर १९१७ च्या अखेरीस सरकारनें एक रुपयाची कागदी नोट काढली होती. खेड्यापाड्यांतील लोक ती घेण्यास कचरत व कित्येक ठिकाणीं वटाव कापूनच ती घेतली जाई. याप्रमाणें महागाई, अवर्षण, नाण्याची टंचाई व सांथ या चारी गोष्टी संवत् १९७४ च्या अखेरीस एकाच गल्ल्यावर येऊन पडल्या.

४

आतां समजुतीसाठीं एक चित्र कल्पूं. तें कोणा विशिष्ट व्यक्तीचें नव्हे. वर सांगितलेल्या परिस्थितींत व त्या काळच्या हिशेबाच्या रीतींत जें घडणें प्राप्त होतें तेवढेंच त्यांत घातलें आहे.

देशावरील एका तालुक्याच्या गांवीं धान्य, किराणा व थोडें कापड ठेवणारा एक दुकानदार आहे. त्याच्यापाशीं कच्ची वही, रोजकीर्द व खतावणी अशा तीन वह्या आहेत. कच्च्या वहींत दिवसाचा व्यवहार टिपावयाचा, तो रात्रीं रोजकीर्दींत जमा व नांवें असा मांडावयाचा, आणि तेथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाचा, अशी रीत. धनत्रयोदशीस त्यानें तांबड्या पुठ्ठ्याची नवी वही आणविली आहे. परंतु जुनी वही मिळविल्यावांचून नवीवर ‘श्री’ काढून पूजा करणें त्याच्या मनास पटत नाहीं. रोजकीर्द उघडून पाहतो तों दसऱ्याच्या आसपास आठ-दहा दिवसांचीं पानें कोरीं. गुमास्ता अंथरुणावर होता व दुकान बंद होतें. पुढें अक्षर निराळें लागतें. कारण तो गुमास्ता उठलाच नाहीं.

मग खतावणी. एरव्हीं एखादा म्हातारा मेला म्हणजे त्याचा मुलगा येऊन बापाचें खातें आपल्या नांवें करून घेई. बापाचें ऋण मुलानें फेडणें हा धर्म, असें शास्त्र सांगे व गांवही मानी. दुकानदाराची सारी उधारी या एका रूढीवर उभी होती. कूळ मरे, पण खातें मरत नसे. मानमोडीनें हा क्रमच उलटा केला. बाप राहिला व मुलगा गेला. ज्याच्या मनगटाच्या भरंवशावर बियाणें व कापड उधार दिलें, तो मनगटच नाहीं. आतां दाराशीं आहे तो काठी टेकीत आलेला म्हातारा, किंवा पोर कडेवर घेतलेली विधवा. तिसरें घर असें कीं, त्यास कुलूप आहे. आंतलीं माणसें मेलीं कीं गांव सोडून गेलीं हें शेजारीही नक्की सांगूं शकत नाहीं. चौथा मनुष्य जिवंत आहे, देण्याची दानतही आहे. पण त्याची बाजरी शेतांतच वाळून गेली.

येथें कायद्याचीही एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. इ. स. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें दिलेल्या मालाच्या किंमतीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आंत करावा लागे. मात्र त्या मुदतींत ऋणकोनें बाकी कबूल करून सही दिली तर मुदत नव्यानें मोजली जाई. म्हणून दिवाळीच्या सुमारास बाकीवर सह्या व आंगठे घेण्याची वहिवाट होती. ज्या घरीं सही देणाराच उरला नाहीं तेथील येणें पुढें कोर्टांत उभें करणें कठीण. तेव्हां दुकानदारानें त्या रात्रीं प्रत्येक खात्याखालीं जी एक ओळ लिहावयाची, ती लिहितांना त्याच्यापुढें दोनच मार्ग. बाकी नव्या वहींत ओढावी, किंवा बुडीत खातीं टाकावी.

बाकी ओढली म्हणजे आशा धरली असा एक अर्थ; तगादा चालूं ठेवला असाही दुसरा. बुडीत खातीं टाकली म्हणजे विधवेस सोडलें असा एक अर्थ. वसूल होणें नाहीं हें ओळखून हात झाडले असाही दुसरा. वही या दोहोंतील कोणता खरा हें त्या ओळींत सांगत नाहीं. तें कळण्यास पुढील दोन-तीन वर्षांच्या वह्या पाहाव्या लागतात. बुडीत टाकलेल्या घरास पुन्हां मीठ-मिरची उधार दिल्याची नोंद सांपडली तर ती दया होती. आणि ओढलेल्या बाकीच्या खालीं एखाद्या शेताचें गहाणखत लागलें असेल तर ती आशा नव्हती.

शिवाय हा दुकानदार स्वतः दुसऱ्या कोणाचें तरी कूळच आहे. त्याच्याही नांवाचें खातें पुण्याच्या किंवा मुंबईच्या आडत्याच्या वहींत आहे, व तेथेंही त्याच रात्रीं तोच विचार चालला आहे. वरून हुंडीची मुदत आली आणि खालून वसूल आला नाहीं, म्हणजे मधला मनुष्य मोडतो. म्हणून गांवच्या कुळांस सवड देणें ही केवळ त्याच्या मनाच्या मोठेपणाची बाब नव्हती. ती त्यास वरून किती सवड मिळाली यावरही अवलंबून होती.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनास खात राहिली असली पाहिजे. त्याच महिन्यांत सुंठ, मिरीं, दालचिनी व मांजरपाट यांचा खप वाढला. आजाऱ्यास लागणारें व मेलेल्यास लागणारें एकाच दुकानांतून गेलें, आणि भाव चढे असल्यामुळें त्यावर नफाही राहिला. तो नफा कोठें लिहावा, यास हिशेबशास्त्रांत उत्तर नाहीं. व्यापाऱ्यांच्या वहींत धर्मादाय खातें म्हणून एक खातें असतें. सांथीच्या सालीं त्या खात्यावर काय जमा झालें व काय खर्च पडलें, हें पाहिल्यास त्या त्या दुकानदारानें स्वतःस काय उत्तर दिलें तें समजेल.

५

याच दृष्टीनें पहिल्या प्लेगचें वर्ष पाहूं. शके १८१८, दुर्मुख नाम संवत्सर. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. उंदीर व पिसवा यांच्या द्वारें हा रोग पसरतो हें सिद्ध होण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं, तरी धान्याच्या वखारीवर संशय पहिल्यापासूनच होता. इ. स. १८९७ च्या आरंभापर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पळाली व तिच्याबरोबर रोगही पुणें, सातारा वगैरे प्रांतीं गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि घरझडती, विलगीकरण व सामानाची जाळपोळ यांनीं लोक त्रस्त झाले. या सांथीचें वैशिष्ट्य असें कीं, लोक गांव मोकळें करून रानांत झोंपड्या घालीत. दुकानदारही कुलूप लावून जाई व झोंपडींतच तराजू मांडी. म्हणजे पेठ हलली, पण गिऱ्हाईक व दुकानदार यांचा संबंध झोंपडीपर्यंत बरोबर गेला. शिवाय प्लेग वर्षानुवर्षें फिरून येत राहिला. त्यामुळें व्यापाऱ्यास त्याचा अंदाज बांधून उधारी आंखडती घेतां आली. मानमोडी दोन-अडीच महिन्यांत येऊन गेली; तिनें गांव सोडावयास किंवा उधारी आवरावयास वेळच दिला नाहीं.

आतां शके १९४२. या संवत्सराचें नांव शार्वरी, म्हणजे रात्र. आणि त्याचा पहिला दिवस, गुढीपाडवा, २५ मार्च २०२० रोजीं आला. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. महाराष्ट्रांत त्यापूर्वींच ज्या कायद्याच्या आधारें निर्बंध घातले गेले, तो वर सांगितलेला इ. स. १८९७ चाच कायदा होय. शकवर्षाचा आरंभ व सरकारी आर्थिक वर्षाची अखेर यांमध्यें आठवडाही नव्हता. त्यामुळें लहान व्यापाऱ्याची ३१ मार्चची अखेर बंद दाराआड झाली. किराणा दुकानें उघडीं राहिलीं. कापड, भांडीं, सोनेंचांदी व खानावळी बंद झाल्या. एकाच पेठेंत शेजारच्या दोन दुकानांपैकीं एकाच्या गल्ल्यास उसंत नाहीं व दुसऱ्याचें शटर दोन महिने खालीं, हा प्रकार पूर्वींच्या दोन्ही सांथींत नव्हता. त्या सालीं आश्विन अधिक आल्यामुळें संवत् २०७६ चें व्यापारी वर्ष तेरा महिन्यांचें झालें; लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला पडलें, आणि महाराष्ट्रांतील पहिल्या लाटेचा कळस त्यापूर्वीं दोन महिने, सप्टेंबरांत, होऊन गेला होता. म्हणजे इ. स. १९१८ च्या दुकानदारास जी सवड मिळाली नाहीं ती इ. स. २०२० च्या दुकानदारास थोडी मिळाली. कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें २७ मार्च रोजीं दिली व ती पुढें ऑगस्टअखेरपर्यंत वाढविली. परंतु ही सवलत बँकेच्या कर्जास होती. दुकानाच्या उधारीस नव्हती. ती पूर्वींप्रमाणेंच एका माणसानें दुसऱ्यास द्यावयाची होती. त्या दिवाळीस वहीपूजन करणाऱ्यास हेंही ठाऊक नव्हतें कीं, अधिक घातक लाट पुढील वसंतांतच यावयाची आहे.

तिन्ही वर्षें एकत्र पाहिलीं म्हणजे असें दिसतें कीं, दुकान बंद होण्याचें कारण प्रत्येक वेळीं निराळें. प्लेगांत गांव उठून गेलें म्हणून, मानमोडींत मनुष्य पडला म्हणून, आणि कोरोनांत हुकूम झाला म्हणून. परंतु अखेरीच्या रात्रीं वहीपुढें बसल्यावर पडणारा प्रश्न तिन्ही वेळां एकच.

६

या साधनाचे दोषही सांगितले पाहिजेत. वही ही धनकोची साक्ष आहे. ऋणकोची बाजू तींत नाहीं. इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं तीं उगाच नव्हेत, आणि इ. स. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यांतूनच निघाला. व्याज मुदलाच्या वर जाऊं नये हा दामदुपटीचा नियम असूनही जुनें खातें मोडून नवें लिहून घेण्याची युक्ति चालत असे. तेव्हां ‘बुडीत’ हा शब्द दिसला कीं दुकानदारास दयावंत, आणि ‘पुढें ओढली’ हें दिसलें कीं त्यास निर्दय, असें ठरवूं नये. तसेंच जो रोखीनें घेई, किंवा ज्यास कोणी उधार देतच नसे, असा गांवांतील अगदीं दरिद्री वर्ग वहींत येतच नाहीं. आणि सांथीनें सर्वांत अधिक माणसें त्याच वर्गाचीं नेलीं असणें संभवतें. म्हणून मृत्युपत्रकें, गांवचे उतारे व वही हीं एकमेकांस ताडून पाहिलीं पाहिजेत. एकट्या वहीवर निर्णय देऊं नये.

एवढी सावधगिरी ठेवून अभ्यासकानें पुढील गोष्टी पाहाव्या. लागोपाठच्या दोन वर्षांच्या खतावण्यांतील खात्यांची संख्या. कोणत्या तिथीपासून कोणतें खातें थांबलें. खात्याचें नांव पुरुषाचें जाऊन स्त्रीचें कोठें आलें. रोजकीर्दींतील कोरीं पानें व बदललेलें अक्षर. नोटेवर कापलेला वटाव. आणि धर्मादाय खातें. पुष्कळ वह्या मोडींत, कांहीं गुजराथी व महाजनी लिपींत आहेत. त्या वाचूं शकणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

७

शेवटीं एक विनंति. जुन्या वह्या घरोघरीं रद्दींत जातात किंवा नदींत सोडल्या जातात. कारण त्यांत जुनें देणेंघेणें आहे, आणि तें उकरून काढूं नये अशी एक सभ्य समजूत आहे. ती समजूत आम्हांस आदरणीय वाटते. परंतु ज्या येण्याची मुदत केव्हांच सरली, त्याच्या नोंदींनीं आतां कोणाचें कांहीं बुडत नाहीं. उलट त्या नष्ट झाल्या तर ज्यांचें नांव दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाहीं अशा माणसांची शेवटची खूण बुडते. संवत् १९७४ व १९७५ च्या वह्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्या जवळच्या संशोधन मंडळास दाखवाव्या. निदान त्यांचीं छायाचित्रें तरी घेऊं द्यावीं. नांवें गुप्त ठेवावीं अशी इच्छा असल्यास ती अवश्य पाळावी.

शके १९४२ च्या हिशेबाची स्थिति तर याहून नाजूक आहे. तो बहुतांशीं संगणकांत व भ्रमणध्वनींत आहे. कायद्यानें तो जपण्याची मुदत थोड्या वर्षांची. ती संपली किंवा यंत्र बदललें कीं तो पुसला जातो, व त्यास वाळवी लागण्याइतकाही वेळ मिळत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या दुकानदाराची वही आज आपणांस माळ्यावर सांपडूं शकते. आपली वही आपल्या नातवंडांस सांपडेल अशी खात्री देतां येत नाहीं. करितां ज्या दुकानदारांनीं ती दिवाळी पाहिली, त्यांनीं त्या सालचा ताळेबंद कागदावर उतरवून ठेवावा, आणि त्याच्या खालीं दोन ओळी अधिक लिहाव्या : कोणतीं खातीं सोडलीं, व कां सोडलीं. संवत् १९७४ च्या दुकानदारानें तेवढेंच लिहावयाचें ठेवलें, आणि तेवढेंच आज आपणांस हवें आहे.